बंद हंगामातले फासे

दिवाळी सरली की माझ्या घरासमोरच्या रस्त्यानं ट्रॅक्टर जायला लागतात. एकामागं दोन ट्रॉल्या. त्यांत पत्रे, बांबू, पाण्याची पिंपं, पिठाच्या गोण्या, आणि या सगळ्यावर तोल सांभाळत बसलेली माणसं. एखाद्या बाईच्या मांडीवर पायाला दोरी बांधलेली कोंबडी असते. धारूरच्या डोंगराकडून आलेल्या या ऊसतोडीच्या टोळ्या केजमध्ये चहाला थांबतात आणि कर्नाटकाच्या वाटेला लागतात. मग आठ-दहा दिवसांत एखाद्या सकाळी हवेला गोड, किंचित जळका वास येतो. कुठल्या तरी कारखान्याचा बॉयलर पेटलेला असतो. मी खिडकी उघडते, थोडा वेळ उभी राहते, आणि कामाला लागते.

मी बारा वर्षं एका सहकारी साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत केमिस्ट होते. त्यातले अकरा हंगाम मला वेगवेगळे असे आठवत नाहीत. रसाचे नमुने, काचेच्या नळ्या, शिफ्टचा भोंगा, चपलेला चिकटणारी मळी. सगळे हंगाम एकमेकांत मिसळून एकच झाले आहेत. स्पष्ट आठवतो तो फक्त एक, जो झालाच नाही.

त्या वर्षी पावसानं लागोपाठ दुसऱ्यांदा पाठ फिरवली होती. मांजरा नदीच्या पात्रात पोरं क्रिकेट खेळत. जो काही ऊस उभा होता तो गुडघ्याएवढाच वाढून पिवळा पडला होता, आणि लोक तो कापून जनावरांना घालत होते. एके दिवशी टाइम ऑफिसच्या फळ्यावर नोटीस लागली, यंदा गाळप होणार नाही. आम्ही कायम नोकरीतली माणसं रोज येऊन सही करायची आणि संध्याकाळी परत जायची, एवढंच काम उरलं. उसाच्या गाड्या उभ्या राहायच्या त्या मैदानात चारा छावणी पडली. कारखान्याला ऊस भरवणाऱ्या ज्या गव्हाणीत उसाची पहिली मोळी टाकून आमचा हंगाम सुरू व्हायचा, तिच्या शेजारीच जनावरांच्या खऱ्या गव्हाणी मांडल्या गेल्या. यंत्रांचा आवाज गेला आणि हंबरणं आलं. सुरुवातीला ते ऐकून कसंतरी व्हायचं. महिन्याभरात सवय झाली. माणसाला कशाचीही होते हे मी तिथंच शिकले, आणि ते शिकून फार काही वाटलं नाही.

प्रयोगशाळेत तपासायला काहीच नव्हतं. मी स्वच्छ नळ्या पुन्हा धुवायची. पाणी वाया जातं म्हणून तेही सोडलं. मग खुर्चीवर बसून खिडकीतून छावणी बघायची.

अशाच एका दुपारी दिगंबर आप्पा आत आले. आप्पा वर्कशॉपमध्ये टर्नर होते. राहायला युसूफ वडगावला. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात लिंगाची चांदीची डबी, आणि खिशात कायम एक स्टीलची सहा इंची पट्टी. ऊस पिळणाऱ्या मोठ्या रोलरचे दांडे वर्षभर झिजायचे. हंगाम संपला की ते लेथवर चढवून आप्पा पुन्हा गुळगुळीत करायचे. त्यांनी केलेला दांडा बसवताना फिटर हातोडा बाजूला ठेवतात, असं वर्कशॉपमध्ये म्हणत. त्या वर्षी रोलर फिरलेच नव्हते, म्हणून काही झिजलंही नव्हतं.

आप्पांनी मुठीतून दोन फासे काढून माझ्या टेबलावर ठेवले. लालभडक, काचेसारखे आरपार, कडा अशा धारदार की बोटाला लागाव्यात.

"महेशनं आणले," ते म्हणाले. महेश त्यांचा भाचा. परदेशी प्रवासी जहाजावर स्वयंपाकघरात होता. "जहाजावर जुगाराचा हॉल हाय. तिथं हे फासे आठ तास वापरतेत अन् खूण करून बाद करतेत. कावून, तर कडा झिजतेत. आठ तासांत रिटायर, ताई! आपली एक शिफ्ट."

मग त्यांनी महेशकडून ऐकलेला खेळ मला समजावला. लांबलचक टेबल, कडेनं उंच भिंती. एकानं दोन फासे पलीकडच्या भिंतीला लागतील असे फेकायचे. समजा आठ आले, तर पुन्हा आठ येईपर्यंत फेकत राहायचं. मध्येच सात पडले की डाव गेला. काही लोक म्हणे वर्षानुवर्षं सराव करतात, फासे एका विशिष्ट पद्धतीनं धरतात, आणि सात टाळतात.

"टाळता येत नाहीत," मी म्हणाले. "दोन फाशांत सात पडायचे जोड सगळ्यात जास्त. सहा वेळा फेकले तर सरासरी एकदा पडणारच."

आप्पांनी खिशातली पट्टी काढून फाशाची बाजू मोजली. ही त्यांची विचार करायची पद्धत होती.

"तुमी शिकलेल्या. मला एवढं सांगा, लेथवर मी केसाएवढा फरक पकडतो. मंग फासा कावून पकडता येणार न्हाई?"

"लेथवर काम घट्ट आवळलेलं असतं आप्पा. फासा हातातून सुटतो."

"सुटंपर्यंत तर माझा हाय ना?"

मी फासे उचलून त्यांच्या तळहातावर ठेवले.

दुसऱ्या दिवसापासून सराव सुरू झाला. नमुने ठेवायचं माझं लांब टेबल त्यासाठी योग्य निघालं. आप्पांनी त्यावर जुनी घोंगडी ताणून ठोकली, टोकाला एक फळी उभी केली. फाशाच्या समोरासमोरच्या बाजूंची बेरीज नेहमी सातच असते, हे त्यांनी पहिल्याच दिवशी हेरलं. दोन फासे एकमेकांना चिकटवून, ठरावीक आकडे बाहेरच्या अंगाला ठेवून धरले, आणि हवेत दोन्ही सारखेच फिरले, तर ते बाहेरचे आकडे वर येणारच नाहीत, आणि मग साताचे जोड कमी होतील. "एका शाफ्टवरच्या दोन पुल्या," आप्पा म्हणायचे. "एक जोरात अन् एक हळू फिरली की बिघडलं." अंगठा मागं, तीन बोटं पुढं, मनगट ताठ. हात झोक्यासारखा जायचा, फासे जोडीनं उठायचे, घोंगडीवर टेकायचे, फळीला हलकेच लागून बसायचे. ते बघायला सुंदर होतं, हे मी आजही नाकारणार नाही.

एक गोष्ट मला विचित्र वाटली. फासे सुटले की आप्पा त्यांच्याकडं बघायचेच नाहीत. त्यांची नजर स्वतःच्या उजव्या हातावर असायची, जिथून फासे सुटले त्या बोटांवर. आकडा मी मोठ्यानं वाचायचा आणि वहीत लिहायचा. सवयीनं मी वहीला रसाच्या नमुन्यांसारखेच रकाने आखले होते.

पहिले पंधरा-वीस दिवस सात खरंच कमी पडले. ते टाळता येत नाहीत यावरचा माझा विश्वास डळमळला. मग महेशनं फोनवर जहाजावरच्या टेबलाचा फोटो पाठवला. पलीकडची भिंत सपाट नव्हतीच. तिच्यावर रबराची टोकदार नक्षी होती, असंख्य छोटे डोंगर एकमेकांना चिकटून. आप्पांनी फोटो बराच वेळ बघितला. वर्कशॉपमध्ये जाऊन जुन्या पट्ट्याचं जाड रबर आणलं, तीन दिवस पटाशीनं कोरून तसेच डोंगर केले, आणि फळीवर चिकटवले.

त्या भिंतीला लागून फासे वाटेल तिकडं उडायला लागले. सात पडायला लागले. जितके पडायला हवेत तितकेच.

दुष्काळात दिवस लांब होतात. सकाळी टँकर यायचा, बायका घागरी घेऊन धावायच्या, मग धूळ बसायची आणि दुपार पसरायची. छावणीत एखादं जनावर रात्रीतून दगावलेलं असलं की दावणीची एक जागा मोकळी दिसायची. संध्याकाळपर्यंत तिथं दुसरं बांधलेलं असे. या सगळ्याच्या मधोमध, बंद कारखान्याच्या एका खोलीत, एक पन्नाशी ओलांडलेला माणूस फासे फेकत होता आणि एक बाई आकडे वाचत होती. आज मी ते बाहेर उभं राहून बघितल्यासारखं बघते. तेव्हाही बहुतेक तसंच बघत होते.

काशीबाई काकू, आप्पांच्या बायको, एकदा डबा घेऊन आल्या. घोंगडी बघून दारातच थांबल्या.

"गळ्यात लिंग अन् हातात फासे! काय म्हणावं माणसाला?"

"खेळत न्हाई गं. सराव करतोय," आप्पा म्हणाले.

"कशाचा सराव? जुगाराचाच ना?"

काकूंनी डबा उघडून भाकरी दिली, चहा बशीत ओतला आणि बशी त्यांच्यासमोर धरली. हातात दिली नाही. आप्पांनी खाली वाकून, बशीला हात न लावता चहा प्यायला. नवरा-बायकोंनी हे इतक्या सराईतपणे केलं, की बऱ्याच दिवसांपासूनचं असावं. माझं लक्ष गेलंय हे काकूंनी ओळखलं. जाताना त्या मला व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"पोरी, कुणापाशी बोलू नकोस. दिवाळीपासून उजवा हात हलतोय त्यांचा. झोपेत न्हाई हलत, नुसतं बसलं की हलतो. दवाखान्यात चला म्हणलं तर म्हणतेत, हात रिकामा हाय म्हणून हलतो, काम लागलं की थांबल."

मी परत आत आले. आप्पांनी फासे उचलले होते, अंगठा मागं, तीन बोटं पुढं. हात झोक्यासारखा गेला. फासे रबराच्या डोंगरांना लागून घोंगडीवर थांबले. चार आणि तीन. आप्पा आपल्या बोटांकडं बघत होते, एखाद्या आजारी लेकराकडं बघावं तसं.

"किती, ताई?"

"आठ," मी म्हणाले.

ते हसले. तेवढं हसू त्या वर्षी मी दुसऱ्या कुणाच्या तोंडावर बघितल्याचं आठवत नाही. वहीत मी आठ लिहिलं. त्यानंतर ते सोपं होत गेलं. प्रत्येक सात मी बदलत नव्हते. तीनांतला एखादाच. कधी सहा म्हणायची, कधी नऊ. मी विज्ञान शिकलेली बाई, नमुन्याचा आकडा खोटा लिहिणं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. पण इथं नमुना कुठला आणि अहवाल कुणाचा, अशी मी स्वतःची समजूत घातली. महिनाअखेरीला आप्पा बेरीज विचारायचे. मी सांगायची, सात कमी होतायत आप्पा. मग ते हाताची मूठ उघडून-मिटून बघायचे आणि म्हणायचे, "मंग हात जागेवर हाय."

तेव्हा मला नीट कळलं, की त्यांना कुठलाच डाव जिंकायचा नव्हता. लेथ फिरत नव्हता, म्हणून हात तपासायला त्यांना दुसरं काही तरी हवं होतं. आणि त्या तपासणीचा आकडा मी लिहीत होते.

उन्हाळ्याच्या शेवटी महेश सुट्टीवर आला. गोव्याला पाण्यावरच्या एका जुगारघरात तसलंच टेबल आहे, तिथं त्याचा मित्र कामाला आहे, असं त्यानं सांगितलं. आप्पा म्हणाले, एकदा खऱ्या भिंतीवर बघू. मी अडवू शकले असते. वही पुढं करून सांगू शकले असते. मी त्यांना प्रवासात खायला शेंगदाण्याचे लाडू दिले.

चार दिवसांनी ते परत आले. आले ते सरळ प्रयोगशाळेत. महेश सोबत होता, पण दारातच रेंगाळला.

"मामांचा नंबर आला तवा सगळे टाळ्या वाजवायलते, ताई," महेश म्हणाला. "लई माणसं. मामानं फासे धरले अन्..."

"तू गप बे. मी सांगतो." आप्पा खुर्चीवर बसले. "हात लागला हलायला. फासे धरलेलेच, तरी हलला. इथं धरल्यावर कधी न्हाई हलला. फासे टेबलाच्या भाईर गेले. एका बाईच्या पायाशी. तिनं उचलून दिले, हसली बिचारी. दुसऱ्यांदा फेकले. मधीच पडले, भिंतीपर्यंत गेलेच न्हाईत. तिथला माणूस म्हणला, अंकल, टेक युवर टाइम. मी म्हणलं, राहू द्या. दुसऱ्याला दिले."

बाहेर छावणीत कुणी तरी बादली आपटली. आप्पांनी टेबलावरची वही ओढून घेतली, पण उघडली नाही.

"ताई, यातलं खरं किती?"

मी सांगितलं. किती सात बदलले, ते सांगितलं. काकूंनी बशी धरली त्या दिवसापासून, हे मात्र सांगितलं नाही. राग काकूंवर जाऊ नये म्हणून.

"कावून?" त्यांनी विचारलं. आवाज चढलेला नव्हता. महेशच तोंड फिरवून बाहेर बघायला लागला.

"तुम्ही हसायचात, म्हणून."

आप्पा उठले. घोंगडीचे खिळे त्यांनी एकेक करून उपटले. उजव्या हातानं, मुद्दाम. वेळ लागला. मी मदतीला पुढं झाले तर म्हणाले, "बसा." घोंगडी खांद्यावर टाकून ते गेले, आणि पुढचा दीड महिना त्यांनी प्रयोगशाळेची पायरी चढली नाही. सहीच्या वेळी भेटायचे तेव्हा मान हलवायचे, ओळखीच्या माणसाला हलवावी तेवढीच. मला वाईट वाटलं का? वाटलं. पण त्याहून जास्त मला वेळेची भीती वाटत होती. दिवाळीपासून उन्हाळ्यापर्यंतचा काळ माझ्या वहीत अडकून पडला होता, आणि तेवढ्यात हात किती बिघडला असेल हे मला माहीत नव्हतं.

तो पाऊस बरा झाला. छावणी उठली. मैदानात शेणाचा थर राहिला, त्यावर गवत आलं. पुढच्या हंगामाच्या तयारीला वर्कशॉप उघडलं, आणि साहेबांनी आप्पांना बोलावून सांगितलं की पंपाचा एक दांडा बदलायचाय. आप्पांनी बाहीचं बटण लावलं, दांडा चढवला, लेथ सुरू केला, हत्यार दांड्याजवळ नेलं, आणि मशीन बंद केलं. साहेबांसमोर जाऊन म्हणाले, माझ्या हातून होणार नाही, दुसरा माणूस बघा. कुणी काही विचारायच्या आत त्यांनी हात पुढं करून दाखवला. हे मी तिथं उभं राहून बघितलं नाही, फिटरांकडून ऐकलं. पुढं आप्पांना भांडारात बसवलं गेलं, सुट्या भागांवर नजर ठेवायला, आणि निवृत्त होईपर्यंत ते तिथं होते. नवीन टर्नर दांडा करून आणायचा आणि आप्पा तो डाव्या हाताच्या बोटांनी चाचपून सांगायचे, कुठं जास्त झालंय. ते चुकायचे नाहीत. आप्पा अजूनही आहेत, घरीच असतात. काकू गेल्या वर्षी भेटल्या तेव्हा म्हणाल्या, गोळीनं बरं हाय, बटणं मीच लावते.

पण ते सगळं नंतर. लेथ बंद केला त्याच संध्याकाळी आप्पा माझ्याकडं आले. बसले नाहीत.

"उद्या अंबाजोगाईला चलता का? दवाखान्यात. काशी येते म्हणती, पण ती रडती."

सकाळच्या एसटीनं आम्ही गेलो. रस्त्याच्या दोन्ही बाजूंनी सोयाबीन हिरवं होतं. आप्पा खिडकीतून ते बघत होते आणि त्यांचा हात मांडीवर आपला आपण हलत होता. त्यांनी तो लपवला नाही.

डॉक्टर तरुण होते, शांतपणे बोलत होते. त्यांनी आप्पांना चालायला लावलं, बोटं एकमेकांवर आपटायला लावली, मनगट धरून वाकवून बघितलं. कंपवात असावा, म्हणाले. कधीपासून आहे?

"मागल्या दिवाळीपासून," आप्पा म्हणाले.

"मग इतके दिवस का थांबलात? लवकर आला असतात तर गोळ्यांनी त्रास आधीच कमी झाला असता."

मी बोलायला तोंड उघडलं. आप्पा माझ्याकडं न बघता म्हणाले, "दुष्काळ होता, डाक्तर."

डॉक्टरांनी मान हलवली. आमच्या जिल्ह्यात एवढं उत्तर पुरतं. त्यांनी एक कोरा कागद आणि पेन पुढं केलं. मधून सुरू करा, म्हणाले, आणि गोल गोल फिरवत बाहेर काढत या. आप्पांनी चष्मा पुसला. पेन टेकवलं. रेघ निघाली ती आधी बारीक लाटांची, मग मोठ्या, वेढे एकमेकांना जाऊन भिडलेले. त्यांनी कागद हातभर लांब धरला.

"ह्या आट्यांवर नट बसायचा न्हाई," ते म्हणाले. मग डॉक्टरांना, "अजून एक कागद द्या."

दुसऱ्या वेळी त्यांनी श्वास धरला होता. काढून झालं तेव्हा कागद त्यांनी डॉक्टरांकडं न देता माझ्यासमोर सरकवला.

"काय म्हणता, ताई?"

मी दोन्ही कागद शेजारी ठेवून बघितले. घाई केली नाही.

"हललंय आप्पा. पहिल्यापेक्षा जास्त."

"हां," ते म्हणाले. त्यांनी पेनाचं टोपण उचललं. एकदा चुकलं, दुसऱ्यांदाही चुकलं. तिसऱ्यांदा बसलं. पेन डॉक्टरांच्या हातात देऊन ते म्हणाले, "लिहा आता गोळी."